सुपारी फुटण्याआधी

उंब्रजची माणसं दुपारच्या गाडीनं येणार होती आणि चंद्राबाईचं पुरण अजून चुलीवर रटरटत होतं, तेवढ्यात नाथाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "वहिनी, माझा पगार अर्धा झालाय."

चंद्राबाईनं हात थांबवला नाही. बातमी काय, थांबते. पुरण खाली लागलं की लागलं.

"आज सांगतोस व्हय रं? आज?"

"आज न्हाई तर कवा? सुपारी फुटल्यावर?"

चंद्राबाई या घरात आली तेव्हा नाथाजी रांगत होता. सासूबाई गेल्या आणि धाकटा दीर तिच्या कडेवर आला तो आला. पुढे तो सांगलीला शिकायला गेला आणि लढाई सुरू झाल्यावर परस्पर विमानाच्या खात्यात भरती झाला. तेव्हा त्याचे थोरले भाऊ लालासाहेब, स्वतः पलटणीतले सुभेदार, त्याच्याशी दोन महिने बोलले नव्हते. "पाय भुईवर न्हाईत ती कसली लढाई?" म्हणायचे. लढाई सरली, नाथाजी मुंबईच्या एका कंपनीत पायलट झाला, त्याच्या पगाराचा आकडा कुंडल गावभर झाला, आणि लालासाहेबांचं मत बदललं. आता तेच गुऱ्हाळावर आल्यागेल्याला सांगत, "आमचा नाथा सकाळी मुंबैत न्ह्यारी करतो आन् दुपारी मद्रासला जेवतो."

"नीट सांग," चंद्राबाई म्हणाली.

त्यानं सांगितलं. लढाई संपली तशी गोऱ्यांची विमानं मोडीच्या भावानं निघाली. ज्याच्यापाशी चार पैसे होते त्यानं दोन विमानं घेतली आणि कंपनी काढली. कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या कंपन्या उगवल्या. बसणारी माणसं मात्र होती तेवढीच. आता कधी विमानात उतारू चार आणि खुर्च्या वीस, अशी गत.

"मग कंपनी म्हणाली, निम्म्या पायलटांना बिनपगारी घरी बसवू. दिवस सुधारले की बोलावू. शेवटाला लागलेले आधी घरी."

"आन् तू कुठं?"

"मी वरच्या निम्म्यात. मला धक्का न्हवता. चिंतामण खालच्यात."

चिंतामण बाहेर सोप्यात बसला होता. सांगलीच्या शाळेत, मग ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आणि आता कंपनीत, असा तो नाथाजीच्या सोबतच होता. फक्त कंपनीत लागला तीन महिने उशिरा. गेल्या साली बामणांच्या घरांना आगी लावल्या त्या जळितात त्याचं गावाकडचं घर गेलं. आईबाप आणि धाकटी बहीण चारुलता सांगलीत एका भाड्याच्या खोलीत राहत होती, आणि ती खोली चिंतामणच्या पगारावर उभी होती.

"आमी सगळ्या पायलटांनी तोड काढली," नाथाजी म्हणाला. "कुणालाच काढू नका. सगळे आळीपाळीनं उडू. एक महिना कामावर, एक महिना घरी. कंपनी म्हणाली, चालंल, पण वरच्यांनी राजीखुशीनं सह्या करायच्या. एक जरी अडला तरी बेत मोडला."

"आन् तू केलीस."

"केली."

"चिंतामणला ठावं हाय?"

नाथाजी पायाचा अंगठा बघायला लागला. "त्यो म्हणत हुता, सही करू नगंस, तुझं लगीन हाय. मी म्हणलं, बरं, न्हाई करत."

"वा! दोस्ताशी खोटं बोललास, आन् आता सोयऱ्यांशी तेवढं खरं बोलायचंय!"

"त्यास्नी सांगायलाच पायजे, वहिनी. त्यांनी पोरगी पुऱ्या पगाराला दिलीया. मागनं कळलं तर फसवलं म्हंतील. आन् तिला काय वाटंल?"

"तिला म्हंजी कुणाला?"

नाथाजीचे कान लाल झाले. उंब्रजच्या शालूला त्यानं एकदाच बघितलं होतं. सगळ्यांनी तिला चालायला लावलं, वाचायला लावलं, आणि पोह्यांची बशी त्याच्या पुढ्यात ठेवताना ती हळूच म्हणाली होती, "वर लय गार असतं का?" हा म्हणाला होता, "लय." एवढंच काय ते दोघांचं बोलणं. पण कुंडलला परत येईस्तोवर त्यानं ते चंद्राबाईला तीनदा सांगितलं होतं.

"दादाला तुमी सांगा," तो म्हणाला.

"मी का? इमान तू चालिवतोस."

पण सांगितलं तिनंच. या घरात अवघड गोष्टी तिच्याच तोंडून बाहेर पडत. चूल कुणाची आणि गुऱ्हाळ कुणाचं हे ठरावं तसं ते ठरलेलं होतं.

लालासाहेब परसात पलटणीच्या कोटावर बिल्ले लावत उभे होते. ऐकता ऐकता एक बिल्ला तिरका लागला.

"सही केली? मला न इचारता?" ते दबक्या आवाजात गरजले. दबक्या आवाजात गरजणं हा त्यांचा खास हुन्नर होता. "आगं, शिन्यारटी कुणी सोडतं व्हय? पलटणीत माणूस जीव सोडंल, शिन्यारटी सोडणार न्हाई! वरचा तो वरचा, खालचा तो खालचा. त्यात दोस्ती कुठनं आली?"

"त्यो म्हणतोय, उंब्रजकरास्नी आधी सांगायचं."

"खबरदार!"

एवढ्यात मनुबाईआत्या तांब्या घेऊन परसात आल्या. लालासाहेबांच्या त्या सख्ख्या आत्या. त्यांचं सासर उंब्रज आणि हे लग्न त्यांनीच जमवलेलं. शालूचा बाप जोतिबा त्यांच्या दिराचा लेक. सगळं ऐकून त्यांनी तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि निकाल दिला.

"सांगायचं की. न्हाई कोण म्हणतंय? पर सुपारी फुटल्यावर. फुटलेली सुपारी काय जोडता येती?"

"आत्या, ही फसवणूक झाली," चंद्राबाई म्हणाली.

"फसवणूक कसली? त्येंनी तरी पोरीचं घोरणं कुठं सांगितलंय?"

"शालू घोरती?"

"तसं न्हाई गं, बोलायची रीत म्हणून बोलले."

एरवी लालासाहेब आणि आत्या एका पंगतीला बसत नसत. आजोबांच्या मागं निघालेल्या एका सोन्याच्या पाटलीवरून दोघांत वितुष्ट होतं, आणि ते दोघांनीही जिवापाड जपलं होतं. आज मात्र त्यांची अशी काही गट्टी जमली की बघणाऱ्यानं दृष्ट काढावी. नाथाला बोलू द्यायचं नाही, एवढा एककलमी ठराव झाला.

"तू कुणाच्या बाजूची?" लालासाहेबांनी बायकोला विचारलं.

"मी चुलीच्या बाजूची," म्हणून चंद्राबाई आत गेली. पण आत जाऊनही तिला बरं वाटेना. पोराला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल तिनंच चटके दिले होते. आता तोच खरं बोलायला निघाला होता, तर घरानं त्याच्या तोंडावर हात ठेवायचा. मग ते चटके कशापायी दिले?

बैलगाड्या आल्या. किर्लोस्करवाडीच्या ठेसनावरून येताना उंब्रजकरांच्या फेट्यांवर धुळीची साय बसली होती. जोतिबा पुढे. गुळाचा अडत्या, माणूस बुटका, बोलणं तोललेलं, आणि समोर काय आलं ते आधी बोटानं दाबून बघायची सवय. त्याच्या मागं त्याचे मामा गुंडातात्या, कानानं थोडे मंद आणि तोंडानं बिलकूल नाही. शिवाय रीतीप्रमाणे चार माणसं. या बाजूनं भावकी जमली होती. धाकट्या पातीचा, म्हणजे भावकीतल्या धाकट्या शाखेचा, कृष्णातही खांबाला टेकून बसला होता.

चंद्राबाई आणि आत्या माजघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. तिथून सोपा सगळा दिसायचा.

गुंडातात्यांनी बसल्या बसल्या नाथाजीला धरलं.

"इमानाला शिंग असतंय का रं, गाडीवाणी? वाजवाया?"

"न्हाई, आजा. वर कुणी आडवं येत न्हाई."

"घारी येत्यात की! बरं, आन् वर गेल्यावर लागली तर?"

"काय लागली तर?"

"आता काय म्हंतोस! माणसाला काय लागती?"

सोपा हसला. चिंतामणनं पुढे होऊन सगळं समजावून सांगितलं तेव्हा तात्यांनी खालच्या शेतकऱ्यांबद्दल मनापासून काळजी दाखवली.

हसणं ओसरलं तसा नाथाजी जोतिबाकडे वळून खाकरला. "मामा, मला एक सांगायचं हुतं."

"रसाचं!" लालासाहेब ओरडले. "त्याला सांगायचंय की आधी रस घ्या. आपल्याच गुऱ्हाळाचा हाय. आणा रं रस!"

रस आला. प्याले रिकामे झाले. नाथाजी पुन्हा खाकरला.

"मामा, ते कंपनीचं..."

"पान! कंपनीत पान मिळत न्हाई म्हणतोय. आणा रं पानाचा डबा!"

तिसऱ्यांदा तो खाकरला तेव्हा पुन्हा रसच आला. उंब्रजकर पाहुणचारानं बेजार झाले. दाराआड आत्या समाधानानं मान हलवत होत्या. चंद्राबाईला हसूही येत होतं आणि नाथाची कीवही येत होती.

पाट मांडला. त्यावर तांदळाची रास, राशीवर सुपारी. लालासाहेबांनी बत्ता हातात घेतला. नाथाजीनं एकदा भावाकडे बघितलं आणि मग माजघराच्या दाराकडे. लहानपणी विहिरीत पहिल्यांदा उडी मारताना त्यानं असंच बघितलं होतं. ढकल, असं न बोलता म्हणणारी नजर.

बायकांनी सोप्यात जाऊन बोलायची त्या घरात रीत नव्हती. चंद्राबाईनं कुंकवाचं ताट उचललं. रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा ते बरं दिसतं. आत्यांनी पदर धरला, तो तिनं हलकेच सोडवून घेतला आणि ती बाहेर आली.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, बेताच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा, "नाथाला सोयऱ्यांशी बोलायचंय कवाधरनं. बोलू द्या एकदा. माझ्या पोळ्या गार व्हायला लागल्यात."

बत्ता हवेत राहिला. पाहुण्यांसमोर बायकोला गप्प बस म्हणणं सुभेदाराला शोभलं नसतं, आणि पोळ्या गार होऊ द्या म्हणणं तर कुणालाच शोभलं नसतं.

नाथाजीनं सांगितलं. पाल्हाळ लावला नाही, विमान जमिनीवर उतरवावं तसं सरळ सांगून टाकलं. कंपनीची तंगी, निम्म्यांना काढायचा बेत, आळीपाळीची तोड, आपली सही. "आता एक महिना पगार, एक महिना न्हाई. किती दिस चालंल ते मला ठावं न्हाई. तुमाला आधी कळावं म्हणून सांगितलं."

जोतिबानं राशीवरच्या सुपारीकडे बघितलं आणि मांडीवरचे हात मागे घेतले.

"अर्ध्या पगाराचं मला दुःख न्हाई," तो म्हणाला. "मी अडत्या हाय. दर चढतो, दर पडतो. पर आपल्या वाट्याला आलेलं आपणहून सोडणारा माणूस मला उमगत न्हाई. आज दोस्त रडला, नंबर सोडला. उद्या मेव्हणा रडला तर शेत सोडंल. परवा कोण येऊन बसला तर घर. माझी पोरगी मी कुणाच्या भरवशावर द्यू?"

"थांबा," चिंतामण उठून उभा राहिला. "जोतिबाराव, कुणी रडलं नव्हतं. मी तर याला नको म्हणून सांगितलं होतं. नाथा, तू मला नाही म्हणाला होतास ना?"

"म्हणलो हुतो."

"मग? मी उद्याच सांगलीहून तार करतो. मला नको ते. घर जळाल्यापासून जो येतो तो उपकार करून जातो, नाथा. तांदूळ देतो, धोतर देतो, आणि आमच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. निदान तू तरी करायला नको होतंस."

जळिताचं नाव त्या सोप्यात वर्षभरात कुणी मोठ्यानं काढलं नव्हतं.

लालासाहेबांच्या मानेवरची शीर फुगलेली चंद्राबाईनं बघितली. तिला वाटलं, आता संपलं. आता हे नाथावर तुटून पडणार, आणि वरचा तो वरचा, खालचा तो खालचा, सगळं भर सोप्यात निघणार.

"चिंतामण, खाली बस," लालासाहेब म्हणाले.

"दादा, मी..."

"खाली बस म्हणतो! उपकार कसला रं? कुणी केला? आन् तुमी, जोतिबाराव. आमच्या घरात कुणी काय सोडलं म्हणता?" त्यांनी बत्त्यानं खांबाकडे खूण केली. "ह्यो बसलाय कृष्णात. वरच्या मळ्याची हीर आमच्या चार पात्यांची हाय. मोटंचं दिस वाटून घेतल्यात. दुष्काळात पाणी तळाला गेलं, तवा माझी पात थोरली. म्हणलो असतो, माझा ऊस आधी, तुमचं मागनं बघू, तर कोण अडवणार हुतं? पर आमच्या बापानं घालून दिलंय. पाणी कमी झालं तर सगळ्यांची पाळी आखूड करायची. कुणाची तोडायची न्हाई. ह्या कृष्णाताचं आन् माझं तवा बोलणं बंद हुतं. त्यानं माझ्या बांधावरची बाभळ तोडली हुती."

"बाभळ माझी हुती," कृष्णात म्हणाला.

"माझी हुती! पर त्येचा दिस उजाडला की मी न बोलता बैल सोडायचो आन् घरी यायचो. माझा ऊस वाळत हुता. का रं, कृष्णात? कवा म्हणलास मला, की दादा, लय उपकार झालं?"

कृष्णातनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. त्याला प्रश्नच कळेना.

"मी कशाला म्हनू? पाळी माझी हुती."

"ऐकलं?" लालासाहेब चिंतामणकडे वळले. "माझ्या भावानं तुला काय दिलं न्हाई. तुझं हुतं ते तोडू दिलं न्हाई. तार करशील तर तंगडं मोडीन. आन् जोतिबाराव, ज्याला भावकीची पाळी राखता येती, त्याला बायकापोरं राखता येत्यात. तुमाला उमगत नसंल तर ही सुपारी, ह्यो रस्ता. रस तेवढा पचवून जावा."

दाराआड आत्या कपाळाला हात लावून खाली बसल्या. चंद्राबाई ताट घेऊन तशीच उभी होती. तासाभरापूर्वी परसात शिन्यारटीसाठी जीव सोडायला निघालेला माणूस हाच का, हे तिला कुणाला तरी विचारावंसं वाटत होतं. या घराची हीच तऱ्हा. आपल्या माणसाला घरात वाटेल ते बोलू. बाहेरच्यानं बोट दाखवलं की तोच माणूस देवाच्या जागी.

सुपारी बोटानं दाबून बघावी तसा जोतिबा दोघा भावांच्या, चिंतामणच्या आणि कृष्णातच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिला.

आणि गुंडातात्यांना खदखदून हसू फुटलं. एवढ्या वेळात त्यांना एवढंच नेमकं ऐकू आलं होतं.

"जोत्या! पाळी म्हणत्यात की रं ही! तुझ्या चुलतभावानं हिरीवरची तुझी पाळी तोडली म्हणून तू सातारच्या कोरटात जाऊन बसलाईस न्हवं? दर तारखेला मला संगट नेतोस! आन् हितं कुणी पाळी राखली तर त्येच्यावर बी फिर्याद?"

"तात्या, ते हितं काढायचं काय कारण?"

"मग कुठं काढू? कोरटात मला बोलू देत न्हाईत!"

पहिल्यांदा कृष्णात हसला, मग उंब्रजची चार माणसं, मग भावकी. जोतिबानं बराच वेळ तोंड घट्ट धरून ठेवलं. शेवटी त्यालाही ते जमलं नाही. त्यानं फेटा काढला, धूळ झटकली, पुन्हा घातला.

"माझा चुलतभाऊ असा बोलला असता," तो लालासाहेबांना म्हणाला, "तर माझ्या बैलांचे पाय सातारच्या रस्त्यावर झिजलं नसतं." मग नाथाजीकडे वळला. "बिनपगारी महिन्यात काय करणार?"

"गुऱ्हाळावर हाय मी. इमानाचं इंजन कळतं तसं मोटंचं बी करून बघंन म्हणतो. पंप बसवायचा मनात हाय."

"पंप," जोतिबा म्हणाला, आणि त्यानं तो शब्द बोटानं दाबून बघितल्यासारखा केला. "आधी आमच्या मळ्यात बसवा. फोडा, सुभेदार."

सुपारी पहिल्याच घावाला फुटली. लालासाहेबांचा राग अजून हातात शिल्लक होता.

पानं मांडायला चंद्राबाई आत आली, तर मागोमाग नवरा. कोटाचा तो बिल्ला अजून तिरकाच. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात, या वेळी खरोखरच खालच्या, म्हणाले, "अर्धा पगार, चंद्रा."

"व्हय."

"मी काय बोलून बसलो गं?"

"ब्येस बोललासा."

"पंपाला पैसं कुठनं आणायचं?"

"आता तुमीच घालून दिलंय. आखूड करू सगळ्यांचं," ती म्हणाली आणि पोळ्यांची चळत त्यांच्या हातात दिली. तिनं त्यांचा बिल्ला सरळ केला. सुभेदार वाढायला निघाले.

पंगत बसली. नाथाजी जोतिबाच्या शेजारी, चिंतामण कृष्णातच्या शेजारी. आत्यांनी चिंतामणसाठी पाट जरा बाजूला टाकला होता. लालासाहेबांनी तो पायानंच ओळीत सरकवला. मग चिंतामण पानावरून नजर न उचलता म्हणाला, "पहिला महिना कोणाचा?"

"तुझा," नाथाजी म्हणाला. "मला हितं लगीन हाय."

"मद्रासच्या फेरीच्या डाकोटा विमानाचं डावं इंजिन खोकतं. परत आलो की सांगून ठेवीन तुला."

"सांग."

जळितानंतर चिंतामण या घरी जेव्हा जेव्हा जेवला, तेव्हा एका पोळीवर त्यानं पानावर हात आडवा धरला होता. कितीही आग्रह करा, "पुरे, वहिनी." चंद्राबाईनं ओळखून आग्रह करणं सोडलं होतं. आज ती तुपाची वाटी घेऊन त्याला ओलांडून पुढे कृष्णातकडे गेली, तेव्हा मागून आवाज आला.

"वहिनी, मला एक पोळी वाढा. आणि गरम असेल तर बघा."

"गरम म्हणं!" कृष्णात म्हणाला. "मला बी गरमच. मी काय शिळा हाय?"

गरम पोळी शिल्लक नव्हती. चंद्राबाई आत गेली, चुलीत लाकूड सारलं आणि पुरणाचा नवा उंडा हातावर घेतला.